देवाच्या तिजोरीतला पासपोर्ट

गुरुजी, तुमचा नातू यापुढे माझ्या उंबऱ्यावर पाऊल ठेवणार नाही. परवा तसे तो निक्षून सांगून गेला आणि तेव्हापासून मला स्वस्थ झोप लागते आहे. तुम्हाला जाऊन कैक वर्षे लोटली. या पत्राला पत्ता नाही, हे मी जाणतो. पण तर्पणाचे पाणी जिथे पोचते असे आपण मानतो, तिथे हे शब्दही पोचावेत अशी माझी इच्छा आहे; आणि पोचल्यावर ते तुम्हाला टोचावेत, अशीही.

वाईच्या घाटावरची ती सकाळ आठवा. संध्या आटोपून तुम्ही पायरीवर बसला आहात. शेजारी समुद्रापलीकडच्या देवळाचे विश्वस्त आहेत, पांढऱ्या सफारीतले, घामेजलेले. त्यांना पुजारी हवा आहे. तुम्ही मला हाक मारता आणि गोठ्यातली गाय दाखवावी तसे माझ्याकडे बोट करून म्हणता, "हा न्या. पाठ चोख आहे, खाणं बेताचं आहे." मी हात जोडून विचारतो, "गुरुजी, तिथं राहायचं कुठं? आणि आई एकटी असते, मध्ये यायला मिळेल का?" तुमचा चेहरा तापलेल्या ताम्हनासारखा होतो. "भिक्षुक आहेस की अडत्या? यजमान ओंजळीत टाकतो, आपण मूठ मिटतो. आत काय पडलं ते बघणारा ब्राह्मण नव्हे." सफारीवाले गृहस्थ खो खो हसतात. "गुरुजी, हा तिकडं दुकान काढील हो!" घाटावर कपडे धुणाऱ्या बायकाही वळून पाहतात.

आपल्याकडे ती रीतच होती. दक्षिणा हातावर पडली की नजर यजमानाच्या कपाळावर ठेवायची, मूठ कनवटीला न्यायची आणि घरी पोचेपर्यंत ती उघडायची नाही. लहानपणापासून अंगवळणी पडलेली ही मूठ मी त्या दिवशीही मिटली. त्यांनी पुढे केलेल्या कागदावर, जशी दक्षिणा घ्यावी तशी, न वाचता सही केली. निघताना तुम्ही मला तांब्याची पळी दिलीत आणि माझे डोळे भरून आले. तुम्हाला त्यांच्याकडून चांदीच्या समयांची जोडी मिळाली, हे मला पुष्कळ नंतर कळले.

तिथे गेल्यावर मूठ उघडली. सांगितलेला पगार खरा होता. मात्र त्यातूनच खोलीचे भाडे वळते होई आणि देवळाच्या स्वयंपाकघरातल्या जेवणाचेही पैसे कापले जात. आरतीच्या ताटातले आणि घरोघरच्या पूजांचे जे मिळे, ते संस्थेच्या पेटीत टाकावे लागे. काकडआरतीपासून शेजारतीपर्यंत देव जागा, म्हणून मीही जागा. देवाला सुटी नाही, म्हणून मलाही नाही. कागदात 'व संस्था सांगेल ती इतर कामे' असे एक शेपूट होते. त्या शेपटाला धरून मी गाड्या लावण्याची जागा झाडली, शौचालये धुतली. ज्ञानाचा अभिमान तिथे गळून पडला, ते एका परी बरेच झाले. पण माझा पासपोर्ट त्यांनी 'सुरक्षिततेसाठी' देवाच्या दागिन्यांच्या तिजोरीत ठेवला होता. आई अत्यवस्थ असल्याची तार आली, तेव्हा किल्लीवाले विश्वस्त मुलीच्या लग्नाला परगावी होते. ते परतेपर्यंत आई गेली. परतीचे तिकीट ज्याचे त्याने काढायचे, हेही मला त्याच दिवशी कळले. त्या दुपारी एका यजमानाच्या आईचे वर्षश्राद्ध होते. सुतक असूनही ते मला करावे लागले. माझ्या आईला माझ्या मामेभावाने अग्नी दिला, तिचे दिवस तुम्ही केलेत, आणि मला लिहिलेत, 'सर्व यथासांग पार पडले.' गुरुजी, तुम्ही शिकवलेले सगळे मंत्र माझ्या ओठांवर आहेत; पण आजही जपाला बसलो की आधी तो एक शब्द येतो. यथासांग.

आता तुमच्या नातवाविषयी. तो त्याच देवळासाठी पुजारी मिळवून देतो. तुमचा वारसा त्याने व्यवसायासारखा चालवला आहे. मुदत संपल्यावर परत येऊन मी पाठ शिकवू लागलो; त्यातला माझा एक विद्यार्थी आहे, कडेगावकडचा. मंत्रात त्याचा एक स्वर ढळत नाही, मात्र बोलायला लागला की सगळे कडेगाव जिभेवर उतरते. त्याला बायको आहे, रांगती मुलगी आहे. बायको शिरवळच्या कारखान्यात नोकरी करते. त्याला घेऊन जाण्यासाठी तुमचा नातू माझ्या ओसरीवर आला आणि पगाराचा आकडा रुपयांत करून सांगू लागला. विद्यार्थ्याचे डोळे विस्फारले. मी म्हणालो, "हा गुणाकार इथल्या भाजीसाठी आहे. तिथं भाजी तिथल्याच पैशानं घ्यायची. त्या पगारात तिघांचं भागतं का, ते सांग."

नातू हसला. "काका, देवाच्या कामात असला हिशेब?"

तेव्हा, गुरुजी, मी तुमचेच शस्त्र काढले. संकल्पाशिवाय कर्म निष्फळ, हे तुम्ही मला छडी मारून शिकवलेत. कोणत्या देशी, कोणत्या नदीच्या तीरी, कोणत्या दिवशी, कोणासाठी आणि कोणत्या फळासाठी, हे उच्चारल्यावाचून आपण पळीभर पाणीही सोडत नाही. मी ताम्हन पुढे ओढले, तुमची ती पळी हाती घेतली आणि नातवाला म्हणालो, "सांग, मी संकल्प सोडतो. निवास कोणता, आणि त्याचं भाडं कोणाचं? आजारपणात औषध कोणाचं? याचंच, की बायको-मुलीचंही? वर्षाची रजा किती? परतीचं तिकीट कोण देणार? नोकरी सुटली तर त्या देशात राहायची मुभा किती दिवस? पासपोर्ट कोणाच्या खिशात?"

त्याने पगाराचा आकडाच पुन्हा सांगितला. मग आत बसून सगळे ऐकत असलेली विद्यार्थ्याची बायको मुलीला कडेवर घेऊन दारात आली. "आवं दादा, एक माझंबी सांगा. हितली नोकरी सोडून मी तिकडं आले, तर मला काम करू देत्यात का?"

"वहिनी, तिकडं काम करायची गरजच काय? देवळात सेवा करायची. स्वयंपाकाला हात लावायचा."

"म्हंजी फुकाट व्हय? एकाच्या पगारात दोन माणसं? लय भारी देव हाय तुमचा!"

विद्यार्थी हसू दाबत खाली बघू लागला. तुमचा नातू लाल झाला. "आजोबा असते, तर त्यांनी हे ऐकून घेतलं नसतं."

"नसतंच," मी म्हणालो. "त्यांनी माझंही ऐकून घेतलं नव्हतं. तू यजमानाचा दलाल आहेस, तेव्हा ओंजळ आज तू कर. काय पडतं ते बघू नकोस." आणि ताम्हनातले पाणी मी त्याच्या ओंजळीत नव्हे, अंगणातल्या तुळशीला घातले.

परवा तो पुन्हा आला. कागदावर एकेक गोष्ट लिहून आणली होती: भाडे संस्थेचे, तिघांचे औषधपाणी, दर वर्षी रजा आणि जाण्यायेण्याचे तिकीट, पासपोर्ट ज्याचा त्याच्याजवळ. पत्नीकडून कोणतीही सेवा घेतली जाणार नाही, असेही. कारण दुसरा पुजारी त्याला मिळाला नव्हता. कृष्णा वाईहून सांगलीकडे वाहते. त्याच्या दोन खेपांमधल्या आठवड्यात माझी कथाही तिच्यासोबत घाटाघाटाने उतरली होती, तुमचे नाव पुढे लावून; ती ऐकून कोणी जायला तयार होईना. आता या नदीकाठी तुमच्या पाठांतराची आठवण कोणी काढत नाही. शिष्याला संकल्पावाचून पाठवणारे गुरुजी, अशी तुमची ख्याती झाली आहे. ती मी केली, जाणूनबुजून केली, आणि मला खंत नाही. विद्यार्थी पुढच्या महिन्यात एकटा जाईल. बायको तिथले सगळे पाहून-सवरून मग नोकरी सोडायची की नाही ते ठरवील. कागदावर त्याने सही केली, पण त्याआधी माझ्यासमोर तो शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचला. उठताना तुमचा नातू म्हणाला, "इथं पुन्हा येणार नाही." मी म्हणालो, "यथासांग."

इथेच थांबायचे होते. पण आज सकाळी एका घरी सत्यनारायणाची पूजा होती. यजमानांनी पाकीट हातावर ठेवले, आणि माझी नजर आपोआप त्यांच्या कपाळावर गेली. पाकीट कनवटीला लावून मी घरी आलो. तिन्हीसांजा झाल्या, ते देवघरात तुमच्या पळीशेजारी पडले आहे आणि माझ्याने अजून उघडवत नाही.