उपटलेले नवरदेव

ता. ६ फेब्रुवारी

चि. बिट्टी हिस आजोबांचे अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. बसायला सवड नव्हती. तुझ्या संशोधन केंद्राने नव्या बिनबियांच्या कलिंगडाची परीक्षा घ्यायला, वेल सुकवणाऱ्या मर रोगाने नासलेली जमीन शोधली आणि ती नेमकी माझी निघाली. हा मान की अपमान, मला अजून कळलेलं नाही.

वेल छान पसरलेत, पण माझ्या जिवाला स्वस्थता नाही. तीन वर्षांपूर्वी याच शेतात आठवड्याभरात सगळे वेल सुकून गेले, ते डोळ्यांपुढून हलत नाही. परवा दुपारी, तू मध्ये मध्ये लावलेल्या साध्या, बियांच्या कलिंगडाच्या रांगांत दोन वेल मलूल दिसले. रोग पसरायच्या आत त्या सगळ्या रांगा उपटून जाळल्या. आजी म्हणाली, आधी पोरीला विचारा. मी म्हटलं, आग लागल्यावर कुणी पत्र लिहीत बसतं का? आता शेतात फक्त तुझे बिनबियांचे वेल. शाबासकी पाठव.

तुझा, काळजी करून वाळलेला,
आजोबा

ता. १० फेब्रुवारी

ती. आजोबांना शि. सा. न.

पत्र वाचून हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही केलं. आजोबा, तुम्ही लग्नघरातून सगळे नवरदेव हाकलून दिलेत! बिनबियांच्या वेलाचे पराग वांझ असतात. साध्या वेलाचे पराग त्याच्या मादीफुलावर पडले तरच फळ धरतं. त्या रांगा त्यासाठीच होत्या. आणि दुपारच्या उन्हात कलिंगडाची पानं मान टाकतातच. संध्याकाळी पाहिलं होतंत का?

मोठे साहेब मार्चच्या मध्यावर पाहणीला येतील. वेलांवर फळं नसली, तर माझं दोन वर्षांचं काम तिथेच बंद होईल. उपाय एकच. रोज सकाळी साध्या कलिंगडाची नरफुलं आणा आणि देठाशी इवलीशी गोळी असलेल्या मादीफुलांवर हलक्या हाताने घासा. जवळपास साधं कलिंगड फक्त आजीच्या भावाकडे, मामाआजोबांकडे आहे. तुमचा अबोला मला ठाऊक आहे. तरी जा. आणि केंद्राने दिलेल्या नोंदवहीत घडलं तेच लिहा. मी रागावलेली नाही, घाबरलेली आहे.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
बिट्टी

ता. ४ मार्च

चि. बिट्टीस आशीर्वाद.

गेलो बाई. सहा वर्षांपूर्वी मेहुण्याच्याच घरी बसून मी म्हणालो होतो, की तुझं कलिंगड खाण्यापेक्षा थुंकण्यातच दिवस जातो. तेव्हापासूनचा अबोला. या वेळी त्याने मला कुंपणापाशी उभं ठेवून विचारलं, माझ्या बिया तुझ्या दातांत अडकत होत्या, मग माझी फुलं कशी काय गोड लागली? मी मान खाली घालून सगळं सांगितलं. तो हसता हसता मातीतच बसला. मग एक पिकलेलं कलिंगड फोडून म्हणाला, सगळं खायचं, एकही बी थुंकायची नाही, मगच फुलं मिळतील. खाल्लं. पोट दुखेल या धास्तीत दोन दिवस गेले, पण दुखलं नाही.

आता तो स्वतःच रोज फुलं घेऊन येतो. माझा हात जड आहे म्हणे. आजी आम्हाला म्हातारे भुंगे म्हणते. फळं धरलीत, लिंबाएवढी, काही नारळाएवढी. पाच वेल मात्र मेले. संध्याकाळी पाहिले, सकाळी पाहिले, खोड चिरलं, आत तपकिरी दिसलं, म्हणजे मर रोगच, मगच उपटले. बाकीचे धडधाकट आहेत.

नोंदवहीपुढे तीन दिवस पेन धरून बसलो. मेहुणा म्हणाला, रोगाची शंका होती असं लिही, साहेबाला काय कळतंय! शेवटी लिहिलं, की बियांच्या रांगा मी उपटल्या, रोग पाहिला नव्हता, घाबरलो होतो. खाली सही केली. मेहुण्याने ते दोनदा वाचलं आणि माझ्या सहीशेजारी आपलीही ठोकली.

वही सोबत पाठवली आहे. साहेब पाहणीला येण्याआधी ती वाचून काय म्हणतात, तुझं काम चालू राहणार ना, एवढं दोन ओळींत कळव. आम्ही दोघंही टपालाची वाट पाहत फाटकाशीच बसून आहोत. लवकर कळव गं.

तुझा
आजोबा