अर्धा सूर खाली

प्रिय आप्पा,

आज सकाळी मिरजेहून पेटी दुरुस्त करणाऱ्याचा फोन आला, म्हणून लिहायला बसले. तुम्ही जाऊन महिना होत आला. इतके दिवस काही लिहावंसं वाटलं नाही. रडूही आलं नाही. लोक म्हणाले, पोरीनं फार धीर धरलाय. धीर कसला, आतून काही हलतच नाही.

तुमची पेटी भजनी मंडळाला द्यायचं ठरलं. भाता फाटला होता, म्हणून आधी मिरजेला पाठवली. तो म्हणतो, "ताई, आवं ही पेटी अर्धा सूर खाली हाय. कुनीतरी मुद्दाम कानसलीया. वर घिऊ का? भजनाला बरी पडंल." मी म्हटलं, उद्या सांगते.

कानसणारे तुम्हीच! ओसरीवर पेटी उघडून बसला होतात. शेजारी टेपरेकॉर्डर, त्यात पलटणीतून आणलेली ती कॅसेट. तीनेकशे वर्षांपूर्वीच्या कुणा युरोपातल्या माणसाचा सोनाटा, पियानोवर वाजवलेला. पलटणीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवून आलेला माणूस उंब्रजच्या घरात कानशीनं पितळेच्या पट्ट्या घासून सूर उतरवत बसतो, कशासाठी? तर पेटी टेपशी जुळावी म्हणून! भजनाच्या लोकांनी केवढी कुरकुर केली. तुम्ही ढिम्म.

मी बारा वर्षांची होते तेव्हा त्या सोनाट्याची वरची ओळ तुम्ही मला पेटीवर शिकवलीत. माझी बोटं आपोआप धावायची. तुम्ही हात धरायचात. "पळतीस कुठं? ऊस पेटलाय का? टेपमधला मानूस बघ, कसा दमानं जातोय!" किती वेळा रडले असेन त्यापायी. शेवटी पेटी सोडलीच मी. तुम्ही एकदाही "परत बस" म्हणाला नाहीत, हे अजून सलतं.

परवा तुमच्या ट्रंकेत कॅसेटच्या डबीतला छापील कागद सापडला. त्यावरचं नाव घालून फोनवर तेच रेकॉर्डिंग शोधलं. तोच वादक. लावलं, आणि आप्पा, ते पळत होतं! अर्धा सूर वर, उजळ, जरा खोडकरच. मी बाराव्या वर्षी वाजवायचे तस्संच. कागदावरही छापलंय, पट्टी डी मायनर, चाल जलद, उत्साही. म्हणजे आपला टेपच हळू चालत होता, म्हणून सूरही उतरलेला. बरोबर मी होते! हे सांगायला ओसरीवर धावले आणि समोर तुमची रिकामी खुर्ची. तेव्हाही काही वाटलं नाही. नुसती उभी राहिले.

फोनवर वेग कमी करून पाहिला. वेग उतरतो, सूर उतरत नाही. टेपरेकॉर्डर दादानं तेराव्यानंतर भंगारात दिला. आता आपला तो सोनाटा फक्त तुमच्या पेटीत उरलाय.

मिरजेचा फोन ठेवल्यावर तो कागद पुन्हा काढला. उलटा केला. मागं पेन्सिलीनं तुमचं अक्षर: "टेपचा पट्टा सैल आहे. बदलायचा नाही. हिला असाच आवडतो."

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? बँडमधल्या माणसाला कसं कळणार नाही म्हणा! मग मला का रागावायचात? एकदा कानात सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं?

'हिला' म्हणजे आईलाच. तिला विचारलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं? पर ते रडकं गानं लांबलं की बरं वाटायचं. तेवढा येळ तुमी दोघं ओसरीवर दिसायचा." मग तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "पेटी कवा येनार हाय गं?" तुम्ही गेल्यापासून तिनं आपणहून विचारलेली ही पहिलीच गोष्ट.

उद्या मिरजेला सांगते, भाता तेवढा नीट करा, सुरांना हात लावू नका. भजनी मंडळाला दुसरी पेटी बघू. मला अजून रडू आलेलं नाही. येईल तेव्हा येईल. पण पेटी घरी आली की आईला दिसेल अशी ओसरीवर बसेन, आणि शप्पथ सांगते आप्पा, दमानं वाजवीन.

तुमची पळणारी,
मंगल