आईने माझं स्थळ सांगितलं

शनिवार संध्याकाळ, बनशंकरी

डोकं अजून तापलेलंच आहे. माणसांत वावरून मी एवढी का दमते, हे मला चाळिशीत तरी कळायला हवं. निकष बदललेत, आता मोठ्या बायकांनाही ऑटिझमचं निदान मिळतं, पण लहानपणीच्या खुणा लागतात. म्हणून आज इथल्या कानडी डॉक्टरांनी माझ्यासमोर पुण्याला आईला फोन लावला.

आणि आई? मुलाकडच्यांना सांगावं तसं मोडक्या हिंदीत सांगत सुटली. फार शांत हो आमची मुलगी. उलट उत्तर नाही. तासन्‌तास रंगाप्रमाणे बटणं लावत बसायची, कुणाला त्रास नाही!

अगं, माझं लग्न कधीच झालंय!

डॉक्टर त्यांच्या कानडीतलं 'बरं' म्हणाले, "सरी, म्हणजे तसं काहीच नव्हतं. शिवाय तुम्ही डोळ्यांत बघून बोलता." बघते, कारण ते मी घोकून शिकलेय. तासन्‌तास बटणं, हे त्यांना ऐकूच आलं नाही?

घरी येऊन आईला फोन केला. "मी पुन्हा जाणार आहे. या वेळी सगळं सांग."

ती हळूच म्हणाली, "बटणं कुणी हलवली की तू भिंतीवर डोकं आपटायचीस. तेही सांगू?"

"तेच आधी सांग, आई. मला आता कुणाला पसंत पडायचं नाहीये."