इंजिनरूममधलं गाणं

रविवार, १४ डिसेंबर. जालना.

दादा नौदलातून सुट्टीवर आलाय. आज चर्चमध्ये गीतं चालू असताना माझ्या शेजारी उभा होता. ओठ हलत होते, पण आवाज नाही. लहानपणी याच चर्चच्या क्वायरमध्ये, गाणाऱ्यांच्या संचात, त्याचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा. बाहेर आल्यावर क्वायरच्या सरोजकाकू म्हणाल्या, "काय रे, नेवीनं आवाज जमा करून घेतला का?" तो हसत पुढे निघाला.

संध्याकाळी नाताळच्या करंज्या करताना मी विचारलंच.

"गातो की," म्हणाला. "इंजिनरूममध्ये ड्युटी असली की खुल्ला गातो. तिथं माझं मलाच ऐकू येत न्हाई. इथं लोक ऐकतात, मंग घसा धरतो."

कुणालाच ऐकू न येणारं गाणं. त्यात कसलं सुख?

त्याच्या नोकरीची मुदत मे महिन्यात संपणार होती. बाबा गेल्यापासून आई आणि मी दोघीच. तो कायमचा येईल, या भरवशावर मी दिवस काढत होते. करंजी दुमडता दुमडता तो म्हणाला, "सुट्टीवर निघायच्या आधीच मुदत वाढवून आल्तो मी."

आई म्हणाली, "तुला तिथं बरं वाटतं ना? मंग बराबर केलंस."

घरातली पहिली पदवीधर मी. सगळं मला विचारून होतं. हे नाही झालं. पण रागावू कशावर? तो तिथे मोकळा गातो, इंजिनाच्या त्या आवाजात. इथे नाही गात, माझ्याशेजारीसुद्धा नाही.

आईसारखं मलाही म्हणायला हवं, बराबर केलंस. उद्या म्हणेन. आज नाही जमलं.