आडवी चिंच

६ फेब्रुवारी १९७९, मंगळवार

पहाटे बांधावरची चिंच पडली. वारा नाही, पाऊस नाही. पाइपलाइनचा चर खणताना मुळं तोडली होती, तेव्हाच मी म्हटलं होतं. कोणी ऐकलं नाही.

बरोबर आमच्या बोळात आडवी. मागे ओढा, उजवीकडे कारखान्याची भिंत. दुसरी वाट नाहीच. मी पदर खोचून, फांद्या धरून पलीकडे जाऊन पाहिलं. जमतं. चौपन्नाव्या वर्षी शोभत नाही, पण जमतं.

ह्यांचं काय. नोव्हेंबरच्या झटक्यानंतर उजवी बाजू गेली ती गेलीच. गुरुवारी पुण्याला डॉ.कडे न्यायचं असतं, रिक्षा थेट दारात लागते. आता दारात चिंच.

खुर्ची दाराशी नेऊन दाखवली. बघितलं आणि म्हणाले, "आपलं." पाणी हवं तरी आपलं, उशी टोचली तरी आपलं. झटक्यातून वाचलेला एवढा एकच शब्द.

७ फेब्रुवारी

वखारीतले गुलाबभाई आले. बुंध्याला कवेत घेऊन पाहिलं, हात पोचेनात. मग दोरीने मापलं, फांद्यांतून वाकून फिरले, एका ठिकाणी कुऱ्हाडीचा उलटा घाव घालून कान लावला. मी विचारलं, किती दिवस, किती माणसं, किती पैसे.

"बाई, आधी हे सांगा. लाकूड तुमचं का आमचं?"

त्यांच्या धंद्यात पहिला प्रश्न हाच. लाकूड मालकाने ठेवलं तर मजुरी द्यायची, उक्ते अडीचशे. लाकूड त्यांनी नेलं तर मजुरी नाही, वर तेच काहीतरी देणार. चिंचेचा बुंधा खाटकांना ठोकळ्यासाठी लागतो, बाकीचं भट्टीला. काम तीन दिवसांचं, बुंध्याला दोघं करवतीवर.

मी म्हटलं, तुम्हीच न्या.

"पण झाड तुमचंच ना? दौलतराव काल वखारीत बोलत होते..."

त्यांना खरं सांगितलं. दौलतराव ह्यांचे चुलतभाऊ. बांधाचा दावा दोन वर्षं कोर्टात आहे आणि चिंच बांधावर. गुलाबभाईंनी दोरी गुंडाळली. "मग बाई, अंदाजच निघत नाही. कोणाचं ते ठरलं की बोलवा."

८ फेब्रुवारी, गुरुवार

डॉ.ची वेळ होती. शेजारच्या शेडमधली दोन पोरं रात्रपाळी संपवून आली, "मॅडम, खुर्चीसकट उचलतो." चांगली पोरं. बुंध्यावर चढवेपर्यंत ठीक, मग खुर्ची कलली. हे डाव्या हाताने फांदी धरून बसले, सोडीनात. ओरडत होते, आपलं, आपलं. शेवटी परत आत आणलं. हाताला सालीचे ओरखडे. पोरांना चहा दिला. एक म्हणाला, "काका फार घाबरले." घाबरले नव्हते, संतापले होते. मला कळतं.

डॉ. म्हणाले होते, व्यायामात खंड पडला तर हात आखडेल. मी घरी करते, पण मला ती पकड येत नाही.

९ फेब्रुवारी

ह्यांना झोपवून दौलतरावांकडे गेले. दोन वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी उठून बसायला दिलं, चहा विचारला. नको म्हटलं.

"वैनी, झाड आमचं हाय. तोडाया आमी सांगू."

"मग सांगा."

"सांगतो की. तारीख हुद्या."

तारीख एप्रिलात. त्यांच्या वकिलाने बजावलंय, तुम्ही तोडू नका आणि त्यांनाही तोडू देऊ नका, तुम्ही हात लावलात तर कोर्ट धरेल, त्यांनी लावला तर त्यांची वहिवाट लागेल. आमच्या वकिलानेही अक्षरशः हेच. दोन्ही वकिलांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

"आणि तोवर ह्यांना बाहेर कसं न्यायचं?" मी विचारलं.

"दादाला बघून किती दीस झालं," म्हणाले. मी म्हटलं, बोळ तुमच्याही घरावरूनच जातो.

शाळेत कळवलं, बिनपगारी रजा अजून महिनाभर. आठवीचं व्याकरण कोण घेणार कोण जाणे.

११ फेब्रुवारी, रविवार

पाला सुकून अंगणात येतोय. दिवसाला चार वेळा झाडते. दूधवाला बुंध्यावरून किटली देतो, पोस्टमन पत्रं फांदीच्या बेचक्यात खोचून जातो. चिंचा पिकायला आलेल्या, एक जण हात लावत नाही. परवा समोरच्या बाईने दोन आकडे उचलले आणि मला बघून परत ठेवले.

हे दिवसभर दारात बसून त्याच्याकडे बघतात. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिले तरी तेच दिसतं. आज कारण नसताना पलीकडे जाऊन आले. रस्त्यापर्यंत गेले, परत आले. पंधरा मिनिटांहून जास्त बाहेर राहता येत नाही, मग जाऊन तरी...

१२ फेब्रुवारी

दुपारी दौलतराव आले. बुंध्यावर बसले, अलीकडे उतरले नाहीत. हे दारात, ते बुंध्यावर, मध्ये चार हात.

मग, "दादा, लई वाळला की रं." आणि थोड्या वेळाने, हसत, चिडवल्यासारखं, लहानपणी विचारावं तसं, "सांग बरं, चिंच कुनाची?"

"आपलं."

दौलतरावांनी उपरण्याने तोंड पुसलं. "ऐकलं का वैनी? आमचं न्हाई म्हनला. आपलं म्हनला."

पंचवीस वर्षं मी मुलांना शिकवते. आमचं म्हणजे ऐकणारा बाहेर, आपलं म्हणजे ऐकणारा आत. दौलतराव चौथी शिकलेत, पण भाषा त्यांना बरोबर कळली. फक्त माणूस कळला नाही. मी सांगायला हवं होतं की सकाळी लघवीचं भांडं द्यायला उशीर झाला तेव्हाही हेच म्हणाले.

नाही सांगितलं.

"लाकडाचं येईल ते निम्मंनिम्मं," दौलतराव म्हणाले. "वकिलाला मी बघतो. गुलाबभाईला बोलवा. आन् गुरुवारी मी येतो संगं, पुन्यापर्यंत. दादाला उचलाया घरचा मानूस पायजे."

१३ फेब्रुवारी

गुलाबभाईंनी परत दोरी लावली. "आता कोणाचं ठरलं?"

"दोघांचं," दौलतराव म्हणाले.

"मग ठोकळ्याचे पैसे दोन हातांवर मोजायचे. मला काय, हात तुमचे." पाच माणसं लावून दीड दिवसात वाट मोकळी करतो म्हणाले, मुळाचा गड्डा नंतर. आमच्याकडून मजुरी नाही.

इतकं सोपं होतं.

दौलतरावांच्या घरून पिठलं-भाकरी आली. ह्यांनी सगळी खाल्ली.

१४ फेब्रुवारी, बुधवार

सकाळपासून कुऱ्हाडी. जेवणवेळेपर्यंत फांद्या मोकळ्या, अंगणात ऊन आलं. मग बुंध्याला करवत. दौलतराव स्वतः एका बाजूला बसले, "दादाच्या दारात मजुरावर कशाला सोडायचं."

मी खुर्ची खिडकीशी नेली. हे बघत होते. डावा हात गजावर. करवत अर्ध्यात आली तेव्हा म्हणाले,

"आमचं."

वाटलं, मला ऐकू आलं तसं नसेल. वाकून विचारलं. माझ्याकडे सरळ बघून, पुन्हा, स्वच्छ, म च्या जागी म. "आमचं." आणि गजावर हात आपटला. पुन्हा आपटला.

करवतीच्या आवाजात बाहेर कोणाला गेलं नाही. दौलतरावांनी मान वर करून हात हलवला, त्यांना वाटलं बोलावताहेत. मीही हात हलवला. ह्यांना पाणी दिलं. घेतलं नाही.

तीन महिने मी एका नव्या शब्दाची वाट पाहत होते.

अंधार पडला म्हणून मधला ओंडका राहिलाय. सकाळी काढतील, आठला रिक्षा दारात. दौलतराव ह्यांना धरून बसणार, मी पुढे. डॉ. नेहमी खुर्ची जवळ ओढून पहिलं तेच विचारतात, नवीन शब्द आला का.