ऑलिव्हच्या बरणीतला चेहरा

पेत्रोखोरी,
६ ऑक्टोबर १९९८

चि. स्तामातिस यास पोलिक्सेनीताईचे अनेक आशीर्वाद.

द्राक्षं उतरली, गुडघा तसाच. आपल्या टेकडीतून चोरलेला चित्रांचा प्राचीन घडा परत द्या म्हणून मी चौकात किती वर्षं घसा फोडते, तू जाणतोसच. ते परदेशी संग्रहालय आता पुरावा मागतं. काल आईची ऑलिव्हची बरणी उपसली. ऑलिव्ह दाबून ठेवणाऱ्या दगडाखालचा तो तुकडा आई कौलाचा म्हणायची. त्यावर म्हाताऱ्याचं डोकं निघालं. घड्यावरच्या म्हाताऱ्याला तेवढं डोकंच नाही! म्हणजे टेकडीतलं, घडा होता ते जुनं थडगं आपल्या बाबांनी फोडलं. चर्चमधल्या त्यांच्या पुण्यतिथीच्या प्रार्थनेला मी हे सांगणार आहे.

मुलांना पापे. रागावलास तरी लिही.

तुझी ताई

मेलबर्न,
१७ ऑक्टोबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं भाषणांचं वेड आता बाबांच्या मुळावर आलंय. मेलेला माणूस उत्तर देऊ शकत नाही. माझ्या थोमासला त्यांचं नाव ठेवलंय. इथले गाववाले त्याला चोराचा नातू म्हणतील. तुकडा बरणीत टाक आणि गुडघा डॉक्टरला दाखव.

भांडलो तरी तुझाच धाकटा,
स्तामातिस

पेत्रोखोरी,
३ नोव्हेंबर

चि. स्तामातिस यास आशीर्वाद.

पत्र वेळेत मिळालं, तरी बोलले. त्या थडग्यात ज्याच्या उशाशी तो घडा होता, त्यालाही मुलं असतीलच की! आणि घडा परदेशी गेला त्याच साली तू बोटीत बसलास. तिकीट कुठून आलं, आपण कधी विचारलं? घराघरातून देश विकायचा आणि परक्यांच्या नावाने बोटं मोडायची!

चर्चच्या अंगणात बाबांच्या नावाने उकडलेले गहू वाटून झाल्यावर तुकडा वर धरला. थडगं बाबांनीच फोडलं म्हणाले. मग बाबांचे दोस्त लाम्ब्रोसकाका काठी आपटत माझ्यावरच खेकसले, की मास्तरीणबाई, तुझ्या बापाकडे कुदळ होती कुठे? कुदळ माझी, जागाही मीच दाखवली, आणि सगळा मान एकट्या त्यालाच होय? लोक हसले. काका मात्र रडत होते. आज त्यांनी संग्रहालयासाठी तशी लेखी साक्ष दिली.

माया पातळ करू नकोस.

ताई

पेत्रोखोरी,
१२ जून २०००

चि. स्तामातिस यास आशीर्वाद.

घडा आला. चित्रात मुलगा लढाईला निघालाय आणि म्हातारा त्याचा हात धरून उभा आहे. आता त्याला चेहरा आहे. गावात बाबांना कुणी चोर म्हणत नाही असं नाही. पण त्यांच्या थडग्यावरचा दिवा कुणी ना कुणी लावतंच.

बरणीत आता नुसता दगड आहे. ऑलिव्ह तसेच मुरतात. थोमासला घेऊन ये, आजोबांनी काय केलं ते त्याला मीच सांगेन.

वाट पाहणारी,
ताई