ओनीच्या ट्रकची मागची चाकं

केविनॉ, १४ ऑक्टोबर १९९४

ती. आर्वोकाका यांस, सेल्माचा सा. न. वि. वि.

बाबांचा टपालवाटपाचा मार्ग मला मिळाला. पुढच्या महिन्यापासून जायचं आहे, बाबांच्याच ट्रकमधून. अपघातात चेपलेलं दार बदललं, बाकी तो धडधाकट आहे. आई त्याच्याकडे बघत नाही, पण विकून टाक असंही म्हणत नाही.

तुम्ही तिकडे डुलुथला तीस वर्षं ट्रकांच्या चाकांमधली डिफरन्शियल उघडलीत, म्हणून विचारते. इथला गॅरेजवाला म्हणतो, मागची दोन्ही चाकं जखडणारं ते लॉकर राहू दे, बर्फातून रणगाड्यासारखी निघशील. टायरही अजून एक हिवाळा काढतील. गाडी रुतली तर ढकलायला तो येणार नाही, म्हणून त्याला बोलायला काय जातं? तुम्ही सांगाल तसं करीन.

बाबांच्या अंत्यविधीला तुम्ही चर्चच्या बाहेरूनच परत गेलात, त्याचा राग मी धरलेला नाही.

तुमची सेल्मा


डुलुथ, २५ ऑक्टोबर

चि. सेल्मास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आठवडाभर टेबलावर पडून होतं.

ते लॉकर काढून टाक. तुझ्या बाबांच्या, ओनीच्या साठाव्या वाढदिवसाला ते मीच बसवलं. त्यानं खरं तर टायर मागितले होते. टायर काय, कुणीही देईल, असं मी म्हणालो. मला माझी कारागिरी मिरवायची होती.

साधं डिफरन्शियल दोन चाकांना जोर वाटून देतं, त्यामुळे निसरड्यात एकच चाक गरगरतं. गाडी अडकते, पण दुसरं चाक मागची बाजू धरून ठेवतं. हे लॉकर जोर दिला की दोन्ही चाकं आपोआप जखडतं. चिखलात त्याला तोड नाही. काचेसारख्या बर्फावर मात्र दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि गाडीचं शेपूट बाजूला फेकलं जातं. हे मला माहीत होतं. त्याला मी नीट बजावलं नाही. पोलिसांनी अपघाताचं कारण म्हणून बर्फ लिहिलं. असेलही. मला मात्र त्या जागी माझंच नाव दिसतं.

तू बटणावर चालणारं लॉकर घे. एरवी सुटं ठेवायचं, रुतलीस तरच जखडायचं, बाहेर निघालीस की लगेच सोडायचं. पण त्याआधी टायर. चारही एकसारखे, मऊ रबराचे, खास हिवाळ्याचे. फार रुंद नकोत. लॉकर गाडीला निघायला मदत करतं, थांबवतात ते टायरच.

बसवायला मी येईन, वहिनीनं अंगणात पाऊल ठेवू दिलं तर. हे पत्र तिला वाचून दाखव.

तुझा काका, आर्वो


केविनॉ, १ नोव्हेंबर

ती. काकांना सा. न.

वाचून दाखवलं. आई बटाटे सोलत होती, ती सोलतच राहिली. मग म्हणाली, हे त्यानं चर्चच्या पायरीवर माझ्या तोंडावर सांगायला हवं होतं. बटाटे संपल्यावर म्हणाली, शनिवारी ये म्हणावं, अंगणातली वाफेची खोली, सौना तापवून ठेवते; ग्रीसनं माखलेल्या माणसाला आपण तसंच परत पाठवत नाही.

माफीबद्दल ती काही बोलली नाही, म्हणून मीही लिहीत नाही. या.

सेल्मा


केविनॉ, १९ जानेवारी १९९५

ती. काकांना सा. न. वि. वि.

नवं लॉकर बसवायला तुम्ही दोन दिवस इथे होतात, तेव्हा आई तुमच्याशी मोजकंच बोलली, हे मनाला लावून घेऊ नका. तुम्ही गेल्यावर तिनं विचारलं, आर्वो इतका वाळला कधी?

आज पावसावर थंडी पडून सगळा रस्ता गोठला. बाबांची गाडी घसरली त्या वळणावर मी लॉकर सुटं आहे ना पाहिलं, वेग आधीच कमी केला. मागची बाजू जराशी हलली आणि पुन्हा ओळीत आली. खाली तळ्याकडे मी पाहिलं नाही. पुढच्या घराच्या टपालपेटीपाशी थांबून मात्र रडले. मग टपाल टाकलं.

नोव्हेंबरपासून रोज मी परतेपर्यंत आई कोट घालून खिडकीशी उभी असायची. आज मला दोन तास उशीर झाला. घरी आले तर खिडकीत कुणी नव्हतं. आत तिचा कोट खुंटीला होता आणि आई आरामखुर्चीत गाढ झोपली होती. मी तिला उठवलं नाही. स्वयंपाकघरात बसून हे पत्र लिहायला घेतलं.

माया आहेच, ती अशीच राहू द्या.

तुमची सेल्मा